महालिली : कंद घ्यावा की बी पेरावे?

हिमालयातल्या राक्षसी लिलीचा फुलायला आलेला थोराड कंद विकत घेणे हा बागेतल्या सौद्यांमधला बहुधा सर्वांत फसवा सौदा. विक्रेता खोटे बोलत नसतो. कंद खरा असतो. जागा मानवली तर पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत त्यातून दीड-दोन पुरुष उंचीचा दांडा वर येतो, शेंड्याला वीतभर लांबीची पांढरी फुले लटकतात, संध्याकाळी बागभर वास पसरतो, शेजारीपाजारी फोटो काढून नेतात. आणि मग तो कंद मरतो. पुढच्या वर्षी त्या जागी एक खळगा आणि त्याच्या कडेने चार-दोन लहान कंद एवढेच उरते. त्यांना फुलायला आणखी तीन ते पाच वर्षे लागतात. त्याच सुमारास ज्याने मूठभर बी पेरले, त्याला पहिली दीड वर्षे कुंडीतली नुसती माती पाहावी लागते, पण सात-आठ वर्षांनी त्याच्याकडे या लिलीची अख्खी वस्ती उभी असते. या दोन टोकांमध्येही काही वाटा आहेत. गेली पावणेदोनशे वर्षे सावलीतल्या बागा करणारे लोक त्या चाचपडत आले आहेत.

या लिलीला मराठीत रुळलेले नाव नाही, कारण ती आपल्याकडची नाही. शास्त्रीय नाव कार्डिओक्रायनम गिगँटियम. लेखापुरते तिला महालिली म्हणू. तळ्यात परातीएवढी पाने पसरणारी व्हिक्टोरिया ती वेगळी. ती दक्षिण अमेरिकेतली पाणवनस्पती, लिलीच्या कुळातलीसुद्धा नव्हे. महालिली मात्र लिलीच्याच कुळातली. खऱ्या लिलीची पाने अरुंद, भाल्यासारखी असतात. हिची पाने हृदयाकृती, चकचकीत, लांब देठांची, चांगल्या जमिनीत हातभर लांब होणारी. दांडा तीन ते साडेतीन मीटरपर्यंत चढतो आणि आतून पोकळ असतो. हिमालयातले लोक त्याच्या पिपाण्या करत, पानांचा लेप जखमेवर आणि मुक्या मारावर लावत. एका दांड्यावर दहा-वीस फुले येतात. प्रत्येक फूल पंधरा-वीस सेंटिमीटर लांब, पांढरे, आतून तांबूस-जांभळ्या रेघांचे आणि किंचित खाली झुकलेले.

तिचे मूळ घर पाहिले की बागेतले अर्धे नियम आपोआप कळतात. पश्चिम हिमालयापासून नेपाळ, सिक्कीम, भूतान, ईशान्य भारत, म्यानमार आणि पुढे चीनपर्यंत, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीच्या जंगलांत ती वाढते. कुमाऊँत बांज म्हणजे ओक आणि बुरांश म्हणजे रोडोडेंड्रॉन यांच्या झाडीखाली, ओढ्याच्या घळीत, जिथे उतारावरून पाणी झिरपते पण साचत नाही आणि शतकानुशतके पडलेल्या पानांचा काळा, भुसभुशीत थर आहे, तिथे. पावसाळा भरपूर, हिवाळा कडक, उन्हाळ्यातही जमीन थंड. यांपैकी एक गोष्ट कमी पडली तर ती तग धरते. दोन कमी पडल्या की नुसती पाने दाखवते. तीन कमी पडल्या की कुजते.

विज्ञानाच्या दफ्तरात तिची नोंद झाली ती कोलकात्याहून. डॅनिश शल्यवैद्य नाथानिएल वालिच 1817 पासून तिथल्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. 1820-21 मध्ये तो नेपाळात गेला. काठमांडूच्या उत्तरेच्या शिवपुरी डोंगरावरच्या ओलसर सावलीत त्याला ही वनस्पती भेटली आणि 1824 मध्ये नेपाळच्या वनस्पतींवरच्या आपल्या सचित्र ग्रंथात त्याने तिचे वर्णन लिलियम गिगँटियम या नावाने छापले. वालिचसाठी विष्णुप्रसाद आणि गोराचाँद यांच्यासारखे भारतीय चित्रकार काम करत. शिळाछपाई आपल्याकडे नुकतीच आली होती तेव्हाचा हा ग्रंथ आहे. वालिचचे नाव सगळ्यांना ठाऊक आणि चित्रकारांचे फक्त अभ्यासकांना, ही तेव्हाची रीत. आजही ती फारशी बदललेली नाही. पुढे 1913 मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो याने हिला लिलियममधून काढून कार्डिओक्रायनममध्ये नेले.

बागेतला तिचा इतिहास सुरू होतो तो बियांपासून, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे. बंगाल तोफखान्यातला मेजर एडवर्ड मॅडन हा कुमाऊँच्या वनस्पतींवर मनापासून लिहिणारा माणूस. त्याने पाठवलेल्या बियांपासून वाढवलेला कंद एडिंबरात जुलै 1852 मध्ये फुलला. पुढच्याच वर्षी, मे 1853 मध्ये, व्हीच या नामांकित रोपवाटिकेसाठी पूर्वेकडे वनस्पती गोळा करणाऱ्या टॉमस लॉबच्या संग्रहातली झाडे फुललेल्या अवस्थेत प्रदर्शनात मांडली गेली. तिथून ब्रिटनच्या श्रीमंत बागांत तिची हौस पसरली. सर्वांत जास्त परिणाम झाला तो गर्ट्रूड जेकिल या बागकर्तीचा. सरे परगण्यातली तिची मन्स्टेड वूडची जमीन वाळूची, हलकी, म्हणजे महालिलीला अगदी न मानवणारी. जेकिलबाईंनी झाडीत मोठाले खड्डे खणून ते बागेतल्या कुजलेल्या काडीकचऱ्याने आणि पाल्याने भरले आणि त्यात महालिली उभी केली. त्या फुलांशेजारी मठातल्या साधूचा झगा घातलेला माणूस उभा करून काढलेला तिचा फोटो आजही बागकामाच्या पुस्तकांत दिसतो. फुलांची उंची कळावी म्हणून केलेली ही युक्ती. थोडी नाटकी आहे, पण काम चोख करते. त्या फोटोने मोठ्या कंदांची मागणीही वाढवली असणार.

आता मूळ मुद्दा. महालिलीचा कंद एकदाच का फुलतो? साध्या लिलीचा कंद अनेक खवल्यांचा असतो, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि दरवर्षी फुलतो. महालिलीचा कंद पानांच्या देठांच्या फुगलेल्या बुडांपासून बनतो. दरवर्षी पाने येतात, त्यांची बुडे जाड होतात, साठा वाढत जातो. पुरेसा साठा झाला की मधला कोंब पानांऐवजी दांडा होतो आणि सगळी पुंजी त्या एका उन्हाळ्यात खर्च करून टाकतो. घड देऊन आडवी झालेली केळ आणि तिच्या बुडाचे मुनवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. केळीची बाग मुनव्यांवर चालते. महालिलीची बागही तशी चालू शकते, पण मुनवे इथे सावकाश वाढतात.

एकदाच फुलून मरणारी झाडे म्हटली की आपल्याला सह्याद्रीतली कारवी आठवते. पण दोघींत एक फरक आहे आणि बागवानाच्या दृष्टीने तोच सगळा खेळ आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम, अख्खा डोंगर जांभळा करत फुलते आणि एकदमच वाळते. महालिलीला असे सामूहिक वेळापत्रक नाही. प्रत्येक कंद आपापल्या साठ्याप्रमाणे, आपापल्या वर्षी फुलतो. त्यामुळे एकाच वाफ्यात वेगवेगळ्या वयाचे कंद असतील तर दरवर्षी एखादा तरी फुलणार. सारे कंद एकाच वयाचे घेतले तर मात्र बागवान स्वतःच्या हाताने कारवी तयार करतो: एका वर्षी जत्रा, मग चार वर्षे सामसूम. पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत ‘तीन आकारांचे कंद एकत्र लावा’ असा सल्ला वारंवार दिसतो, तो यासाठी. हौशी लोक तो वाचतात आणि मग सर्वांत मोठाच कंद उचलतात.

कंद लावण्याची रीत इतर लिलींच्या उलट आहे. साधी लिली चांगली खोल, कंदाच्या उंचीच्या दोन-तीनपट मातीखाली लावतात. महालिलीचा कंद मात्र असा लावायचा की त्याचे टोक मातीच्या पृष्ठभागाशी जेमतेम झाकलेले किंवा किंचित उघडे राहील. खोल गाडलेला कंद हिवाळी ओलीत सडतो. कंद न फुलण्याची कारणे शोधू गेले तर हे कारण पहिल्या दोन-तीनांत निघते. लागवडीचा हंगाम शरद, पाने पिवळी पडल्यावर. दोन कंदांत पाऊण ते एक मीटर अंतर ठेवावे, कारण पुढे पाने एकमेकांवर चढतात. खड्डा मात्र खोल हवा. दीड-दोन फुटांपर्यंत माती काढून ती पालापाचोळ्याच्या खतात आणि पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून परत भरावी. ताजे शेणखत कंदाला टेकू देऊ नये. ही वनस्पती खादाड आहे. दुबळ्या मातीत ती मरत नाही, फक्त फुलणे पुढे ढकलत राहते, आणि माणूस वाट पाहत राहतो.

सावली कसली, हाही प्रश्न आहे. भिंतीची काळी सावली आणि झाडाची चाळणीतून पडल्यासारखी सावली यांत मोठा फरक. महालिलीला दुसरी हवी. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नाही. वर पानझडी झाड असेल तर उत्तम, पण त्याची मुळे खोल जाणारी हवीत. ओकखाली ती सुखाने वाढते. बीचच्या पृष्ठभागावर पसरलेल्या मुळांशी तिला पाण्यासाठी आणि अन्नासाठी भांडावे लागते आणि त्यात ती हरते. वाऱ्याचा आडोसाही हवा. पोकळ दांडा दिसतो तेवढा नाजूक नसतो, पण हातभराच्या पानांचे वाऱ्याने चिंध्यांत रूपांतर होते.

विकतच्या कंदाची आणखी एक अडचण फारसे कोणी सांगत नाही. साध्या लिलीचा कंद महिनाभर पिशवीत पडला तरी भागते. महालिलीच्या कंदाची मुळे जाड, मांसल, जिवंत असतात आणि त्याला खऱ्या अर्थाने कोरडी विश्रांती नसतेच. उपटून, धुऊन, वाळवून, खोक्यात भरून आलेला कंद पहिले वर्ष मुळे परत उभारण्यात घालवतो. मोठ्या कंदाला हा धक्का जास्त बसतो. कधी तो खुजा दांडा काढून, तीन-चार फुले दाखवून संपतो. लहान, दोन-तीन वर्षांचा कंद हा धक्का सहज पचवतो. कुंडीत वाढवलेला, मातीसकट मिळणारा लहान कंद घ्यावा. दिसायला तो काहीच नसतो, आणि शहाण्या खरेदीचे बहुधा तेच लक्षण.

आता बी. फुलाच्या वेळी खाली झुकलेली महालिली फळाच्या वेळी मान ताठ करते. बोंडे उभी, कोंबडीच्या अंड्याएवढी, तीन कप्प्यांची. शरदाच्या अखेरीस ती फटींतून उकलतात आणि एकेका बोंडातून शेकडो बिया वाऱ्यावर निघतात. चपट्या, कागदी पंखांच्या, फुंकरीने उडणाऱ्या. एका दांड्यावर डझनभर बोंडे धरली तर हजारो बियांचा हिशोब होतो. निसर्गात यातल्या जवळजवळ सगळ्या वाया जातात. बागेत तसे होण्याची गरज नाही, पण बी कसे झोपते ते समजून घ्यावे लागते.

झाडावरून सुटते तेव्हा या बीमधला गर्भ अपुऱ्या वाढीचा असतो. त्याला आधी उबेचा एक काळ लागतो, मग थंडावा, त्यात गर्भ वाढतो, मग पुन्हा कडाक्याची थंडी, आणि त्यानंतरच्या वसंतात कोंब. जपानी जातीवर होक्काइडोत झालेल्या संशोधनात हा क्रम स्पष्ट दिसला. शरदाच्या अखेरीस पडलेले बी पहिला हिवाळा आणि पुढचा उन्हाळा जमिनीत काढते, दुसऱ्या शरदात आतला गर्भ वाढतो आणि दुसरा हिवाळा उलटून गेल्यावर ते उगवते. म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. महालिलीचेही साधारण असेच. पहिल्या वसंतात काही उगवले नाही म्हणून कुंड्या रिकाम्या करून माती दुसरीकडे वापरणारे लोक या वनस्पतीचे सर्वांत मोठे शत्रू. गोगलगायीसुद्धा इतके बी मारत नसतील.

पेरण्याची रीत सोपी आहे. बी त्याच वर्षीचे, ताजे हवे. खोलगट कुंडीत किंवा ट्रेमध्ये पालापाचोळ्याचे चाळलेले खत, माती आणि जाड वाळू यांचे मिश्रण भरावे, बी विरळ पसरावे, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर मिश्रण आणि बारीक खडीचा पातळ थर द्यावा. खडीमुळे शेवाळ धरत नाही आणि पावसाचे थेंब बी उघडे पाडत नाहीत. कुंडी बाहेर, उत्तरेकडच्या सावलीत ठेवावी, वर उंदीर-पक्ष्यांसाठी जाळी घालावी आणि दोन्ही वर्षे ओल टिकवावी. उन्हाळ्यात एकदा कोरडी पडली तर अर्धवट वाढलेला गर्भ मरतो आणि हे बाहेरून कळत नाही. कुंडीवर तारीख लिहून ठेवावी. माणसाच्या स्मरणशक्तीवर दीड वर्षे भरवसा ठेवू नये.

घाई असलेले लोक फ्रिज वापरतात. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये बी पिशवीत घालून दोन-तीन महिने घरातल्या उबेत, मग काही आठवडे गारव्यात, मग दोन-तीन महिने फ्रिजमध्ये. या मार्गाने एखादा हंगाम वाचू शकतो. पण फुलायला एकूण सात वर्षे लागणार असतील तर त्यातले अर्धे वर्ष वाचवण्यासाठी फ्रिजमधल्या दह्याशेजारी पिशवी जपण्यात अर्थ आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी बाहेरची कुंडी बरी वाटते. एक फायदा मात्र कबूल करायला हवा. जिथे हिवाळा पुरेसा थंड नाही किंवा फार बेभरवशाचा आहे, तिथे फ्रिज हाच हिवाळा.

उगवल्यावर पहिल्या वर्षी एकच अरुंद पान दिसते, गवताच्या पात्यासारखे. हृदयाकृती पाने नंतरच्या वर्षांत, एकापाठोपाठ. पहिली दोन वर्षे रोपांना कुंडीतून हलवू नये, फक्त पातळ खत देत राहावे. तिसऱ्या वर्षी, शरदात, वेगळे करून वाफ्यात लावावे. त्यानंतर दरवर्षी पानांचा घेर वाढत जातो. पाच वर्षांत फुललेल्या रोपांच्या कथा आहेत, दहा वर्षे थांबायला लावणाऱ्याही आहेत. सात हा मधला, प्रामाणिक आकडा. या वर्षांत बाग रिकामी नसते, हे विसरू नये. मे-जूनमध्ये महालिलीच्या पानांचा चकचकीत गुच्छ हा नेच्यांमध्ये आणि रोडोडेंड्रॉनच्या पायाशी स्वतंत्रपणे पाहण्यासारखा असतो. पानांसाठीच लावणारे लोकही आहेत, आणि ते सगळ्यांत समाधानी दिसतात.

बीचा दुसरा मोठा फायदा म्हणजे निरोगीपणा. लिलींना मावा किडीमार्फत विषाणू लागतात. पानांवर चट्टे येतात, फूल वेडेवाकडे होते, आणि एकदा शिरलेला विषाणू कंदातून आणि त्याच्या पिल्लांतून पुढे जात राहतो. बियांतून तो सहसा जात नाही. जुन्या, पिढ्यान्पिढ्या पिल्लांवर चाललेल्या वाफ्यात बीपासूनची नवी रोपे आणणे हे रक्त बदलण्यासारखे आहे.

पिल्लकंदांची वाट या दोन्हींच्या मधली. फुलून गेलेल्या दांड्याच्या बुडाशी मिळतात ती पिल्ले शरदात हळूच खणून, मुळे न तोडता वेगळी करावीत. त्याच जागी परत लावायची तर माती बदलावी, कारण आईने तिथले सगळे खाऊन टाकलेले असते. न उचलता तशीच राहू दिली तर ती एकमेकांना दाटीने दाबतात आणि फुलली तरी आईच्या निम्म्या उंचीची फुलतात. बोंडे धरण्याआधी खुडून टाकली तर पिल्ले जाड होतात, असे काही बागवान सांगतात. तसे होतही असेल, पण मग बी गेले. आणि हिवाळ्यात उभी राहिलेली, बोंडे उकललेली कोरडी दांडी हे या झाडाचे दुसरे रूप आहे. ते टाकून देणे मला परवडण्यासारखे वाटत नाही. एका दांड्यावरची बोंडे ठेवावीत, बाकीच्यांची खुडावीत, हा मधला मार्ग.

शत्रूंचे म्हणाल तर यादी छोटी आणि अंमल मोठा. गोगलगायी, विशेषतः बिनशंखाच्या, वसंतात कोवळ्या पानांची गुंडाळी बाहेर येतानाच भोके पाडतात आणि ती भोके पान उलगडल्यावर दुमडून कापलेल्या कागदासारखी ओळीने दिसतात. रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय. ब्रिटनमध्ये लिलीवरचा लाल भुंगेराही हिला सोडत नाही. तिसरा शत्रू हवामानाचा. महालिली वसंतात फार लवकर जागी होते आणि मग उशिरा पडलेल्या हिमाने पाने काळी पडतात. जमिनीतला कंद थंडी सोसतो, कोवळे पान सोसत नाही. म्हणून हिवाळाभर कंदावर पाल्याचा जाड थर आणि एप्रिलच्या स्वच्छ, निवांत रात्री वर जुने गोणपाट.

नातलगांविषयी थोडक्यात. चीनमधला युन्नानेन्से हा महालिलीचाच प्रकार अंगाने लहान, दांडा काळपट, कोवळी पाने तांबूस, आणि त्याची फुले शेंड्याकडून खाली उमलतात. लहान बागेसाठी माझी शिफारस याची. चीनचीच कॅथायानम जात आणखी ठेंगणी, मोजक्या फुलांची. जपानची कॉर्डाटम दिसायला हिमालयीन बहिणीइतकी डौलदार नाही, पण माणसांशी तिचे नाते सर्वांत जुने आणि जवळचे. होक्काइडोतल्या ऐनू लोकांचे ती मुख्य वनान्न होती, तिला ते तुरेप म्हणत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कंद खणून, कुटून, पाण्यात धुऊन त्याचे पीठ काढत आणि उरलेला चोथा आंबवून, मध्ये भोक असलेल्या चकत्या करून, दोरीत ओवून हिवाळ्यासाठी वाळवत. खणायचे ते न फुललेले कंद. फुलायला निघालेल्या झाडाखाली पीठ उरत नाही, हे त्यांना प्रयोगशाळेविना ठाऊक होते. बागवानाच्या ‘मोठा कंद घेऊ नका’ या सल्ल्याच्या मुळाशी हेच आहे.

महाराष्ट्रात काय? नाही. पुण्यामुंबईत तर नाहीच, पण महाबळेश्वरातही नाही. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात खरे, पण दोन-चार पहाटा म्हणजे हिवाळा नव्हे. शिवाय ऑक्टोबरनंतर मेपर्यंत जमीन कोरडी, आणि पावसाळ्यात उंबरठ्यापर्यंत पाणी. महालिलीला ओल टिकून हवी, पण साचलेले पाणी नको. दक्षिण भारतात लिलियमची एकच खरी जात जंगली वाढते, ती निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत; त्यावरून या कुळाची दक्षिणेतली मर्यादा लक्षात यावी. ऑनलाइन दुकानांत ‘जायंट लिली’च्या नावाखाली बियांची पाकिटे मिळतात. बी कागदी पंखांचे नसेल आणि त्यावर गोळा केल्याचे वर्ष नसेल तर ते काहीही असू शकते, महालिली सोडून.

आपल्याकडच्या सावलीच्या कोपऱ्यात मोठा, सुगंधी, पांढऱ्या फुलांचा कंद हवा असेल तर नागदवणा लावावा. क्रायनमच्या जाती लिलीच्या कुळातल्या नाहीत, पण दरवर्षी फुलतात, कोकणातल्या पावसाला आणि देशावरच्या उन्हाला दोन्हींना पुरून उरतात. त्यांचे बीही महालिलीच्या अगदी विरुद्ध स्वभावाचे: जाड, हिरवे, मांसल, झोप नावाची गोष्ट न जाणणारे, फळातून पडल्यावर मातीविनाही कोंब काढणारे. कंद विषारी असतो एवढे घरातल्या मुलांसाठी आणि गुरांसाठी लक्षात ठेवावे. नर्सरीतली जात घ्यावी. महाबळेश्वर-कास भागातल्या, पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वुडरो यांचे नाव मिरवणाऱ्या क्रायनमसारख्या दुर्मीळ जाती डोंगरावरच राहू द्याव्यात.

महालिलीचा खरा मराठी वाचक आहे तो दोन ठिकाणी. एक, जो स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड, न्यूझीलंडचे दक्षिण बेट किंवा अमेरिका-कॅनडाचा वायव्य किनारा अशा थंड, ओल्या भागात राहतो आणि ज्याच्या घरामागे झाडांची सावली आहे. त्याने या शरदात तीन वेगवेगळ्या आकारांचे लहान कंद घ्यावेत, फुलायला आलेला एकही नाही. आणि त्याच दिवशी ताज्या बियांची एक कुंडी भरावी. पुढच्या शरदात आणखी एक, त्यापुढच्या शरदात आणखी एक. चौथ्या-पाचव्या वर्षी पहिला कंद फुलेल, त्याचे बी स्वतःचे असेल आणि मग विकत काही घ्यावे लागणार नाही. दुसरा वाचक म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला कुमाऊँत किंवा सिक्कीममध्ये भटकायला जाणारा. त्याला ती जून-जुलैत ओढ्याच्या घळीत फुललेली भेटू शकते. तिथे पाहावी, वास घ्यावा, फोटो काढावा, आणि कंदाला हात लावू नये. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहेच, पण फुललेला कंद उपटून नेण्यात चोरालाही काही लाभ नाही, तो घरी पोचून मरणारच असतो. दार्जिलिंग-कालिंपोंगकडच्या रोपवाटिकांत वाढवलेले कंद मिळतात, ते थंड डोंगरात घर असलेल्यांनी तिथून घ्यावेत. आणि बी विकत घेताना विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे कोणत्या वर्षीचे? उत्तर चालू वर्षाचे नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.